या वयात?

"काकू, पालकांनी तिकडे बाकावर बसायचं."

आज संध्याकाळी इंदिरानगरच्या कराटे क्लासमध्ये एक पोरगा त्या बाईंना म्हणाला. त्याची चूक नाही, मलाही त्या मुलांना सोडायला आल्यात असंच वाटलं होतं. बाईंनी पिशवीतून कोरा गणवेश काढला. पांढऱ्या पट्ट्यावरची घडी अजून मोडली नव्हती. गाठ काही जमेना. शेवटी आठेक वर्षांच्या एका पोरीने समोर गुडघ्यावर बसून ती घट्ट बांधून दिली.

माझ्या शेजारचे गृहस्थ हसले. "आता या वयात काय?"

घरी येईपर्यंत डोक्यात सांद्रा सांचेझ. स्पेनच्या राष्ट्रीय संघात आली तेव्हा तिशी उलटलेली. 2018 मध्ये माद्रिदला जगज्जेती. मग टोकियो. कराटेचं ते पहिलंच ऑलिंपिक, पुढे पॅरिसला तर खेळच वगळला. म्हणजे संधी एकच. काताच्या, म्हणजे ठरलेल्या हालचाली एकट्याने करून दाखवायच्या प्रकाराच्या, अंतिम फेरीत समोर जपानची कियो शिमिझू, तीही तिच्याच देशात. 28.06 विरुद्ध 27.88. सुवर्णपदक घेताना सांद्राचं वय 39.

कातात अंगावर कुणी येत नाही. न दिसणाऱ्या माणसाशी लढायचं, तेही असं की पंचांना तो दिसला पाहिजे.

हे सगळं त्या गृहस्थांना तिथेच सांगता आलं असतं. मी मोबाईल चाळत बसलो.

बाई परवाच्या क्लासला येतील ना?