तीन घागरी समुद्र आणि माझे तीन क्लाऊन

परवा खानापूरच्या एका पोराचा मेसेज आला. "दादा, खाऱ्या पाण्याचा छोटा टँक लावलाय, काल मासा आणला, आज सकाळी बघतोय तर आडवा. पाणी तर एकदम क्लीन आहे, काय झालं असेल?" उत्तर टाइप करायला बसलो आणि ते एवढं लांबत गेलं की म्हंटलं इथंच टाकूया. असला मेसेज वर्षातनं चार-पाच वेळा येतोयच, आणि "पाणी क्लीन आहे" हे त्यात असतंयच. मी पण तेच म्हणत होतो की.

मी काय एक्स्पर्ट वगैरे नाही. बेळगावात टिळकवाडीत भाड्याचं घर, हॉलमध्ये दोन फूट बाय एक बाय एकचा टँक. हिशेबानं 56 लिटर, पण दगड, वाळू आणि वरची चार बोटं सोडली तर पाणी राहतंय 45 लिटर. म्हणजे तीन घागरी. तीन घागरीत समुद्र बसवायला निघालो होतो आणि त्यात एकामागनं एक तीन क्लाऊनफिश (ते नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे छोटे मासे) घालवले, तिन्ही वेगवेगळ्या कारणांनी.

पहिल्याचं सांगतो. गणपती झाले आणि आम्ही गोव्याला गेलो. लोकं गोव्याहून काय आणतात ते सगळ्यांना माहीत आहे, मी मिरामारला 20-20 लिटरचे तीन कॅन भरून समुद्राचं पाणी आणलं. चोर्ला घाटाच्या चेकपोस्टवर साहेबांनी कॅन उघडायला लावला, नाक लावून वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि जा म्हणाले. मित्र मागच्या सीटवर हसून हसून बेजार. पण हसण्यासारखं खरं म्हणजे पाण्यातच होतं. पावसाळा संपत आलेला, मिरामार म्हणजे मांडवीचं तोंड, नदीचं गोडं पाणी मिसळून खारटपणा कमी झालेला, वरनं गाळ. ते पाणी मी कॅनमध्ये बंद करून गॅलरीत चार दिवस ठेवलं. समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, बंद कॅनमध्ये ते मरतात आणि कुजतात. पाचव्या दिवशी टँक भरला, काचेसारखं पाणी, आणि सहाव्या दिवशी मासा सोडला.

संध्याकाळपर्यंत तो वर तोंड काढून धापा टाकायला लागला. रात्री टेस्ट किट आणलं. छोट्या नळीत 5 मिली पाणी, त्यात थेंब टाकायचे, हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं, पिवळं राहिलं तर अमोनिया नाही. पाच मिनिटं कुठली, एका मिनिटात हिरवं व्हायला लागलं आणि शेवटी पार पोपटाच्या रंगाचं झालं. मासा पहाटे गेला.

मासा अमोनिया बाहेर टाकतो, बराचसा गिलमधूनच. राहिलेलं खाणं कुजतं त्याचा पण अमोनियाच होतो. टँकमध्ये दगडावर, वाळूत, फिल्टरच्या स्पंजवर बॅक्टेरिया जमतात, एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. ही मंडळी जमून बसायला चार ते सहा आठवडे जातात, खाऱ्या पाण्यात तर गोड्यापेक्षा सावकाशच. नवीन टँकमध्ये ती नसतातच, मग पाणी कितीका स्वच्छ दिसेना.

आणि जे लोकं गोल्डफिश पाळून मग इकडं येतात (माझ्यासारखे) ते इथंच फसतात. अमोनियाचं विषारीपण पीएचवर असतं. पीएच एकनं वाढला की पाण्यातला विषारी अमोनिया जवळजवळ दहापट होतो. गोल्डफिशच्या पाण्याचा पीएच 7 च्या आसपास असला तर जेवढा अमोनिया तो सोसून नेतो, तेवढाच खाऱ्या पाण्यातल्या 8.2 ला क्लाऊनचा जीव घेतो. नायट्राइटचं उलट आहे, खाऱ्या पाण्यात क्लोराइड भरपूर असल्यामुळं ते गोड्या पाण्याएवढं बाधत नाही, त्याला घाबरून रात्र जागवायची गरज नाही.

मग शहाणा झालो. गोव्याचं पाणी बंद, पाकिटातलं सी सॉल्ट (टँकसाठीचं तयार समुद्री मीठ) आणि घरच्या आरओचं पाणी. आई रोज म्हणायची, प्यायला नाही आणि माशाला आंघोळीला आहे. टँकमध्ये मासा न घालता सुंगटाचा (कोळंबीचा) एक कच्चा तुकडा टाकला आणि कुजू दिला, म्हणजे त्याच्या अमोनियावर बॅक्टेरिया जमतात. घरात वास सुटला. शेजारच्या काकू दारातनं "एनायतु री?" (काय झालं हो?) विचारून गेल्या, त्यांना काय सांगणार. सहा आठवड्यांनी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. आता काय होतंय, म्हणून दुसरा क्लाऊन मागवला, मुंबईहून, रात्रीच्या बसनं पार्सल.

हा तिसऱ्या दिवशी मेला. पहिले दोन दिवस बरा होता, म्हणून जास्त लागलं. भाचा आलेला, सारखा काचेला नाक लावून बसायचा, त्यानंच पहिल्यांदा बघितलं आणि मला म्हणाला, मामा, हा असा का झोपलाय?

अमोनिया शून्य, टेम्परेचर 26, सगळं ठीक. महिनाभर कारणच सापडलं नाही. मग एका ओळखीच्याकडनं खार मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर आणला. दुर्बिणीसारखी नळी, काचेवर दोन थेंब ठेवायचे, झाकण टाकायचं आणि उजेडाकडं धरून बघायचं. निळ्या-पांढऱ्याची रेघ 1.029 वर (साधं पाणी 1 धरलं तर हे पाणी किती जड तो आकडा, जेवढा जास्त तेवढं खारट). तेच मोजणारा माझा प्लास्टिकचा काट्यावाला हायड्रोमीटर त्याच पाण्याला 1.024 दाखवत होता. काढून नीट बघितलं तर काट्यावर मिठाचा पांढरा थर, त्या वजनानं काटा वर उठतच नव्हता. आणि मी गाढव, आकडा कमी दिसतोय म्हणून मूठ मूठ मीठ वाढवत गेलेलो.

नंतर दुकानदाराला फोन केला. तुमच्याकडं माशाचं पाणी कितीवर असतं? तो सहज म्हणाला, 1.018. बऱ्याच दुकानात असंच असतं, मीठ वाचतं आणि कमी खारात परजीवी पण कमी. त्यात चूक नाही, फक्त घेणाऱ्याला सांगायला पाहिजे. म्हणजे माझा मासा 1.018 मधनं दोन तासात 1.029 मध्ये गेला. समुद्रातल्या माशाच्या रक्तातलं मीठ समुद्राच्या साधारण एक तृतीयांश. त्यामुळं त्याच्या अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं आणि तो दिवसभर समुद्र पीत, मीठ बाहेर टाकत जगतो. एकदम एवढा खार वाढवला की ते जमत नाही, आतनं सुकत जातो. बाहेरनं काही दिसत नाही, दोन दिवस खातो पण. पाण्यात राहून तहानेनं मेला म्हणा ना. खारटपणा कमी केला तर मासा बऱ्यापैकी सोसतो, वाढवला तर सोसत नाही, वाढवायचा तर रोज थोडा थोडा, चार-सहा दिवस घेऊन.

त्यात अजून एक घोळ होता. "पिशवी तोंड उघडून दोन तास तरंगत ठेवा, थोडं थोडं टँकचं पाणी घाला," हा सल्ला सगळेच देतात, मला पण मिळालेला. दुकान जवळ असेल तर ठीक. पण रात्रभर बसमधनं आलेल्या पिशवीत काय होतं बघा. मासा श्वास सोडून सोडून पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच खाली येतो, आणि पीएच खाली म्हणजे जमलेला अमोनिया तेवढा विषारी राहत नाही. पिशवीचं तोंड उघडलं की गॅस उडून जातो, पीएच वर चढतो, आणि रात्रभराचा अमोनिया एकदम जागा होतो. त्यात आपण मासा दोन तास बसवून ठेवतो, वर म्हणतो सवय लावतोय. आता मी असं करतो: दुकानदाराला आदल्या दिवशी आकडा विचारून घ्यायचा, एका 20 लिटरच्या टबात तेवढ्याच खाराचं पाणी तयार ठेवायचं, पिशवी बंद ठेवूनच टेम्परेचर जुळवायचं, आणि उघडली की मासा लगेच टबात. पिशवीचं पाणी मोरीत. टबात हीटर आणि जुना पिकलेला (बॅक्टेरिया बसलेला) स्पंज फिल्टर असला म्हणजे झालं. खार सावकाश तिथंच वाढवायचा, आणि तीन-चार आठवडे मासा तिथंच राहू द्यायचा, कारण अंगावर मिठासारखे ठिपके किंवा सोनेरी भुकटी दिसायची तर या दिवसात दिसते. त्या सोनेरी भुकटीला व्हेलवेट म्हणतात आणि ती काही दिवसात टँकमधले सगळे मासे मारते. तांब्याचं औषध टाकायचं तर ते पण टबातच. मेन टँकमध्ये टाकलं तर गोगलगाय आणि झिंगे गेलेच.

तिसऱ्याचं थोडक्यात. दुसरा गेल्यावर रुसून एक निळा डॅम्सेल आणला होता, स्वस्त आणि काटक, त्याला काहीच झालं नाही. मग क्लाऊन आणला, सगळं नियमानं केलं, आणि त्या अडीच इंचाच्या गुंडानं दोन दिवसात त्याचे पर फाडून त्याला हीटरच्या मागं कोपऱ्यात कोंबलं. दोन फुटात पळणार कुठं? डॅम्सेल घालायचाच तर सगळ्यात शेवटी, आणि खरं सांगायचं तर एवढ्या टँकमध्ये घालूच नका. मी तो दुकानात फुकट परत दिला.

छोट्या टँकचं दुखणंच हे आहे, सगळं झटक्यात बदलतं. एप्रिलमध्ये पंखा लावून आठवड्याला 5 लिटर पाणी सहज उडतं, मीठ उडत नाही, 45 चे 40 लिटर झाले की लिटरला 35 ग्रॅमचा खार 39 वर जातो. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी साधं आरओचं पाणी घालायचं, मिठाचं नाही. रोज, पट्टीनं खूण करून. लाइट गेली तर अजून वाईट. 25 डिग्रीला गोड्या पाण्यात लिटरला आठ मिलिग्रॅमच्या वर ऑक्सिजन मावतो, समुद्राच्या पाण्यात पावणेसात, आणि आपलं बेळगाव साडेसातशे मीटरच्या वर, त्यामुळं अजून थोडा कमीच. बॅटरीवर चालणारा एअर पंप चार-पाचशेला मिळतो, तो आधी घ्या, रंगीत लाइट नंतर.

काही मासे मात्र आपल्याकडं येतानाच संपलेले असतात. फिलिपिन्स, इंडोनेशियाकडं सायनाइड फवारून पकडलेले असले तर आठवड्याभरात कारण न कळता जातात, तुम्ही काही करा. म्हणून हॅचरीतला क्लाऊन मागा. आपल्याकडं तमिळनाडूत मंडपमला केंद्र सरकारच्या सागरी मत्स्य संस्थेनं क्लाऊनची पैदास बसवलेली आहे, हॅचरीतला मासा सापडतो. दुकानात खाताना बघितल्याशिवाय घेऊ नका. आणि कोणी जिवंत कोरल किंवा समुद्रघोडा देतो म्हंटला तर नको म्हणा, 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली दोन्ही संरक्षित आहेत.

माझ्या चौथ्या क्लाऊनला आता अकरा महिने झाले. रात्री हीटरला चिकटून तिरका झोपतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा गेला म्हणून मी जाळी आणायला उठलेलो.

हां, खानापूरच्या पोराचं राहिलं. हे सगळं लिहायच्या आधी त्याला विचारलं, खार कितीवर आहे? म्हणाला, मीटर नाही दादा, चव बघितली की, समुद्रासारखीच लागली. कुठलं मीठ घातलंस? तर घरातलंच, खायचं. आता समुद्राच्या मिठात खायचं मीठ तीन चतुर्थांशाच्या वर असतं, पण राहिलेल्यातच मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि पीएच धरून ठेवणारा माल असतो, हे त्याला फोनवर कसं समजावणार. रविवारी रिफ्रॅक्टोमीटर आणि अर्धं पाकीट सी सॉल्ट घेऊन मीच जातोय. तोपर्यंत मासा आणू नको म्हणून दोनदा बजावलंय. आज सकाळी त्याचा मेसेज आला, "दादा, डॅम्सेल काटक असतो ना?"