मागच्या पानावरचा आकडा

16 नोव्हेंबर 2025, रविवार

थंडी पडली एकदाची. पहाटे साडेपाचला गोठ्यात गेलो तर सरकीच्या नाकपुड्यांतून वाफा निघत होत्या. हौदातलं पाणी हाताला चावत होतं. तिनं ओठ टेकवले न टेकवले आणि मान वर केली. बैलांनी मात्र हौद अर्धा केला.

सरकी म्हणजे आमची घोडी. नुकरी, पांढरीफेक, म्हणून बाबांनी ठेवलेलं नाव. घरात कोणी 'सरकी पाहिली का' म्हटलं की ढेपेचं पोतं विचारलं की घोडी, हे आवाजावरून ओळखावं लागतं.

रोजचं काम ठरलेलं. लीद काढायची, पिछाडी सोडायची, खरारा करायचा, चारही पाय उचलून खूर कोरायचे. आमच्या काळ्या जमिनीत पावसाळाभर खुरांत चिखल बसतो आणि मधल्या खाचेत सड धरते. वास आला की समजायचं, दोन दिवस आळस झाला. आता माती वाळली आहे, खूर चांगले आहेत. मग भिजवलेला चणा, वर मूठभर मीठ घातलेला गव्हाचा कोंडा, आणि कडबा.

गव्हाणीखाली आज पुन्हा कडब्याचे चघळलेले गोळे सापडले, लिंबाएवढे. पोरगी म्हणते, "बाबा, सरकी खर्रा खाऊन थुंकून रायली." खर्रा म्हणजे आमच्याकडची चघळायची तंबाखू-सुपारी. हसलो आणि झाडून टाकले. दिवाळीपासून झाडतोच आहे.

बायको चुलीजवळ गालात लवंग धरून बसली होती. दसऱ्यापासून तिची दाढ दुखते. वेचणी झाली की जाऊ, असं ठरलं आहे.

संध्याकाळी हिशेब लिहायला बसलो. दीड किलो चणा रोज, किलोभर कोंडा, दीड-दोन महिन्यांनी नालबंद खूर छाटायला येतो त्याचे तीनशे, जंताचं औषध. कडबा घरचा धरला तरी महिन्याला चार हजार होतात. म्हणजे अर्धा क्विंटल कापूस घोडी खाते. लांब धाग्याचा हमीभाव यंदा, 2025-26 च्या हंगामासाठी, क्विंटलला 8,110 ठरला, पण बारा टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की तो भाव आपला नाही. मग व्यापारी म्हणेल तो. आमच्या कापसानं दिवाळीआधीचा पाऊस खाल्ला आहे, त्यामुळे अर्धा क्विंटल म्हणताना मी भाव हळूच पुटपुटतो.

या वहीच्या मागच्या पानावर अक्षय तृतीयेला लिहिलेलं एक वाक्य आहे. 'सरकीच्या दवापाण्यावर जास्तीत जास्त 15,000. त्याच्या वर नाही.' खाली सही आणि तारीख, जसा काही मी ग्रामसेवक. त्या दिवशी बाबांची जुनी वही चाळत होतो. 2009 साली त्यांनी तिला नांदेडकडच्या माळेगावच्या यात्रेतून आणलं, चार वर्षांची. डाव्या डोळ्याखाली भोवरा आहे, जाणकार त्याला आसूढाळ म्हणतात आणि असं जनावर मालकाला रडवतं असं सांगतात. त्यामुळे भाव पडलेला होता. बाबांचा भोवऱ्यावर विश्वास नव्हता, पडलेल्या भावावर होता. पुढं अकरा वर्षं तिच्या वरातींची नोंद आहे, अकराशेपासून साडेतीन हजारांपर्यंत. माझ्या बहिणीच्या लग्नातला बराच खर्च तिच्याच पाठीवरून आला. 2020 मध्ये बाबा गेले. मला वरातीच्या बँडपुढं घोडी नाचवता येत नाही, आणि तिलाही आता नाचवत नाही.

तिची किंमत एकदाच सरकारी कागदाच्या भाषेत कानावर आली. दोन वर्षांपूर्वी ग्लँडर्स या घोड्यांच्या जीवघेण्या साथीच्या तपासणीसाठी तालुक्यातल्या घोड्यांचं रक्त घेऊन हरियाणात हिसारच्या प्रयोगशाळेत पाठवलं होतं. त्या रोगाला औषध देत नाहीत, कारण तो माणसालाही लागतो. घोडा बाधित निघाला की तो मारावाच लागतो आणि मालकाला तेव्हा 25,000 भरपाई होती. निकाल येईपर्यंत शेजारी मला सांगत होता, "पंचवीस भेटते त बाजारापेक्षा जास्तच हाय ना बे." हिशेबानं त्याचं बरोबर होतं. निकाल चांगला आला, तेव्हा मात्र त्यानंच चहा मागितला.

18 नोव्हेंबर, मंगळवार

वेचणी. बाया नऊ. दिवसभर वावरात. सरकीला संध्याकाळी पोरीनंच चारा टाकला. चणा थोडा उरला होता म्हणे.

21 नोव्हेंबर, शुक्रवार, पहाटेचे पावणेतीन

झोप येणार नाही, म्हणून लिहितो.

काल सात वाजता जेवायला बसणार तर गोठ्यातून टापेचा आवाज. सरकी पुढच्या पायानं जमीन खोरत होती. मग मान वळवून कुशीकडं पाहायची, जणू तिथं कोणी बसलं आहे. चणा तसाच. पाहता पाहता खाली बसली आणि लोळायला लागली. दिवसभरातली लीद पाहिली. सहा-सात गोळे, सुके, वरून शेंबडासारखा चिकट थर.

जबड्याच्या कडेखाली बोट दाबून नाडी मोजली. हे मला डॉक्टरांनी शिकवलं, तिचं अंग चांगलं असताना. पंधरा सेकंदांत तेरा, म्हणजे मिनिटाला बावन्न. तिची एरवी छत्तीसच्या आसपास असते. कुशीला कान लावला. निरोग्या घोड्याच्या पोटात सतत काहीतरी गुडगुडत असतं. डावीकडं जवळजवळ शांतता.

तेवढ्यात शेजारचे मोठेबाबा जवसाचं तेल, हिंग आणि बांबूचा नळा घेऊन आले. "बैलाले पाजतो तसंच पाजू, मोकळी होते." त्यांनी आयुष्यभर बैल वाचवलेत, त्यांना नाही म्हणणं सोपं नव्हतं. फोनवर डॉक्टर जवळजवळ ओरडलेच. "तोंडातून काही ओतू नका भाऊ, फुफ्फुसात गेलं तर पोटाआधी त्यानं मरंल. खाणं काढून घ्या, हळू हळू चालवा, मी निघतो." मोठेबाबांनी नळा भिंतीला टेकवला आणि काही न बोलता दोर हातात घेतला. दोन तास त्यांनीच तिला अंगणात फिरवलं. मी वही आणि घड्याळ घेऊन मागं.

डॉक्टर साडेदहाला पोचले. चौदा किलोमीटर, मोटरसायकलवर, थंडीत. या भागात त्यांचे हात गौळाऊ गायींवर बसलेले, घोडी पाहायला वर्षातून दोन-चारदा मिळते. पण घाई नाही माणसाला. आधी हिरड्या दाबून पाहिल्या, मग दुखण्याचं इंजेक्शन, मग खांद्यापर्यंत हातमोजा चढवून मागून हात घातला. "गच्च आहे. डावीकडं आतडं वळतं तिथं चारा बसलाय." थंडीत पाणी कमी पिते, चारा कोरडा, वर वय वीस. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे वर काही साचलं तर पोटच फुटायची भीती. म्हणून नाकातून नळी पोटात घातली, आधी उलटं काही येतं का पाहिलं, मग चार लिटर लिक्विड पॅराफिन, म्हणजे आतडं मोकळं करणारं तेल, आणि मीठ घातलेलं कोमट पाणी हळूहळू सोडलं. बायकोनं मोबाइलची बॅटरी धरली होती. एका हातात बॅटरी, दुसरा गालाला.

मग ते ओट्यावर बसले आणि माझ्याकडं पाहून म्हणाले, "आता तुमचं बोला."

मी पंधरा हजार म्हणालो. खरंच म्हणालो, वहीत लिहिलेलं वाचून दाखवल्यासारखं. ते हसले नाहीत. त्यांनी मांडणी केली. रात्रीत सुटली तर आत्ताच्या औषधांचे दोन-अडीच हजार, बस. नाही सुटली तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. तिथं सलाईन, परत नळी, दिवसरात्र लक्ष ठेवणारी माणसं. पिकअपवाल्याला मी आधीच फोन करून ठेवला होता, तो सात हजार म्हणाला होता, थांबायचे वेगळे. चार दिवस तिथं राहायचं तर आकडा दुसऱ्याच दिवशी मागं पडतो. पोट फाडण्याची वेळ आलीच, तर या वयात त्यांनी स्वतःच्या घोडीलाही नेलं नसतं. तिसरं त्यांनी सगळ्यात हळू सांगितलं. "दुखणं हाताबाहेर गेलं तर एक इंजेक्शन आहे. ते महाग नाही."

जवळजवळ सात महिने जपून ठेवलेला माझा आकडा तिथं काहीच कामाचा निघाला नाही. दोन-अडीच हजार त्याच्या खूप आत होते आणि नागपूर त्याच्या बाहेर, पण मला अडवत होतं ते सात हजार नव्हतं. वीस वर्षांची घोडी, पोटात कळ, आणि तीन तास हलत्या पिकअपमध्ये दोरांनी बांधून उभी. वाटेत खाली पडली तर तिला उठवायचं कोणी? आकडा मी खिशाला विचारून लिहिला होता. घोडीच्या पायांना विचारलंच नव्हतं.

शेवटी आम्ही रुपये सोडून नाडीवर ठरवलं. दर अर्ध्या तासाला मोजायची. साठच्या वर गेली, किंवा इंजेक्शन उतरल्यावर पुन्हा लोळायला लागली, की फोन करायचा. आणि तो फोन नागपूरसाठी नाही, डॉक्टरांना परत बोलवण्यासाठी. हे मी मोठ्यानं म्हटलं, आईसमोर. आई जपमाळ ओढत बसली होती. म्हणाली, "तुया बापानंही हेच केलं असतं." मला ते पटलं नाही. बाबांनी घर गहाण टाकून नेली असती, किंवा मग कोणाला न विचारता संध्याकाळीच निकाल लावला असता. मधलं काही त्यांना जमत नसे.

बारा वाजता 48. साडेबाराला 48. एकला 46. दीडला मोजता मोजता माझाच डोळा लागला, पोरीनं हलवलं. दोनला 44.

मघाशी बायकोनं चहा आणला. ओट्यावर शेजारी बसली आणि सहज म्हणाली, "पंधरा म्हटले ना तुम्ही? माया दाढेचे साडेचार सांगतले होते त्यानं." भांडण काढायचं नव्हतं तिला. नुसता हिशेब सांगितला. चहा गरम होता, मी तोंड पोळून घेतलं.

21 नोव्हेंबर, रात्री

पाच चाळीसला लीद पडली! पाच गोळे. मी हातात घेऊन फोडून पाहिले, आत लांब लांब कडब्याचे तुकडे. पोरगी शाळेत सांगणार आहे म्हणे, मी सांगू नको म्हटलं. दुपारी तेल उतरलं, मागचे पाय सगळे माखले. संध्याकाळी कोमट पाणी बादलीभर प्यायली. चारा नाही, नुसता पातळ कोंडा. पिकअपवाला रात्रभर जागा राहिल्याचे पाचशे मागतो. दिले.

23 नोव्हेंबर, रविवार

डॉक्टर येऊन गेले. पहिला प्रश्न, "लिदीत चारा लांब होता का?" मी हो म्हटलं. त्यांनी तिची जीभ बाजूला धरून बॅटरी आत मारली आणि मला वाकायला सांगितलं.

घोड्याचे दात जन्मभर वर सरकत राहतात आणि चघळून झिजत राहतात. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो, त्यामुळे वरच्या दाढांची बाहेरची कड झिजायची राहते. सरकीच्या कडा विळ्यासारख्या झाल्यात. शेवटच्या दाढेला आकडीच आहे. गालाला आतून दोन जखमा, एक जुनी. चावलं की लागतं, म्हणून अर्धं चघळून टाकायचं आणि अर्धं तसंच गिळायचं. पोरीचा खर्रा तो हाच.

मार्चमध्ये लसीला आले तेव्हा ते म्हणाले होते, दात कानशीनं घासून घेऊ, गुंगीच्या इंजेक्शनासकट बाराशेपर्यंत होईल. मी काय उत्तर दिलं तेही आठवतं. "आता तिले कोणत्या वरातीत जायचं हाय साहेब." सगळे हसले होते, मीसुद्धा.

मागचं पान काढलं. औषधं 2,350. डॉक्टरांनी फी घेतली नाही, पेट्रोलचे तीनशे बळंच खिशात घातले. पिकअपचे पाचशे. एक दिवस वेचणी बुडाली, ती धरत नाही. वाचवले होते बाराशे, आणि दात घासायचे ते अजून द्यायचेच आहेत. पंधरा हजारांवर रेघ मारावी म्हणून पेन उचललं, पण खाली दुसरा कोणता आकडा लिहावा ते सुचेना. तसंच ठेवलं. तिथंच समासात गोठ्यातल्या भिंतीवर लावायचं लिहिलं: नाडी, पाणी किती बादल्या, लिदीचे ढीग किती, गव्हाणीखाली काही पडलं का. पोरगी भरणार आहे, पेन्सिलीनं.

डॉक्टर बुधवारी सकाळी नऊला दात घासायला येतो म्हणाले. तोवर कडबा बंद, भिजवलेला कोंडा आणि बांधावरचं कोवळं गवत. मी बायकोला म्हटलं, बुधवारी वेचणीला सुट्टीच देऊ, तुझ्या दाढेचंही आर्वीला जाऊन करून टाकू. तिनं गालातली लवंग काढून चुलीत टाकली.

"आधी कोणाची?" म्हणाली.