दहा पॉइंट आठ

२० व्या आठवड्याची अ‍ॅनोमली स्कॅन, म्हणजे बाळात काही व्यंग आहे का ते बघणारी सोनोग्राफी, साताऱ्यातच केली. एफ फॉर्म भरला, आधारची झेरॉक्स दिली, गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही यावर सही केली. डॉक्टर एरवी बोलत होते, डोक्यापाशी आले आणि गप्प झाले. ‘काही नाही, तुमच्या मॅडमना दाखवा,’ म्हणून रिपोर्ट हातात दिला. शनिवारची संध्याकाळ होती. मॅडम थेट सोमवारी! रिपोर्टमध्ये लिहिलं होतं: माइल्ड व्हेंट्रिक्युलोमेगॅली, डावीकडे १०.८ मिमी. असा शब्द हातात देऊन कुणाला दीड दिवस घरी पाठवू नये, एवढं माझं म्हणणं आहे. मी रात्रभर मोबाइलवर काय काय वाचलं ते विचारू नका.

मॅडमनी पुण्याला फीटल मेडिसिनच्या, म्हणजे पोटातल्या बाळाच्या आजारांच्या, डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी आधी कागदावर मेंदू काढून दाखवला. आत पाण्याच्या पोकळ्या असतात, त्यांची रुंदी १० मिमीच्या आत हवी; त्या रुंदावल्या की व्हेंट्रिक्युलोमेगॅली. १५ च्या वर गेली तर काळजी मोठी. आपण काठावर आहोत, पण सोबत दुसरं काही बिघडलंय का ते बघायचं. मग न्यूरोसोनोग्राफी, फक्त बाळाच्या मेंदूची बारीक सोनोग्राफी. प्रोबच्या बाजूचा अर्धा मेंदू धूसर दिसतो, म्हणून बाळाने मान वळवायला हवी होती. ते काही वळेना. मला या कुशीवर, त्या कुशीवर केलं, बाहेर चालायला लावलं, शेवटी आतून स्कॅन केली. दोन्ही अर्ध्यांना जोडणारा पूल, कॉर्पस कॅलोसम, दिसल्यावर त्यांनी पडदा माझ्याकडे फिरवला.

पोटातलं पाणी काढून गुणसूत्रं तपासली, इन्फेक्शनसाठीही तपासण्या झाल्या. सगळं नॉर्मल. गर्भपाताच्या २४ आठवड्यांच्या मुदतीचं काय, हे मीच विचारलं. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डॉक्टर म्हणाल्या, ‘गंभीर व्यंग निघालं तर त्यानंतरही मेडिकल बोर्डाकडे जाता येतं, २०२१ पासून कायद्यात तशी तरतूद आहे. पण तुमचं तसं दिसत नाही. कॅलेंडर बघून घाबरू नका.’

एमआरआय २९ व्या आठवड्यात, डोहाळजेवणानंतर चार दिवसांनी. ‘धातूचं सगळं काढा.’ मंगळसूत्र निघालं, पायाला सूज असल्याने जोडवी मात्र निघेनात. बेसिनपाशी साबण लावून नवऱ्याने ओढून काढली. हिरवा चुडा साध्या काचेचा आहे म्हटल्यावर तो राहू दिला. डाव्या कुशीवर झोपवलं, पोटावर कॉइल बांधली. इंजेक्शन नाही, रेडिएशनही नाही, फक्त आवाज, पत्र्यावर कुणी हातोडा मारतंय असा. बाळ आतून उड्या मारत होतं, त्यामुळे काही फोटो पुन्हा काढावे लागले.

रिपोर्ट आला: ११ मिमी, बाकी मेंदूची घडण वयाप्रमाणे. सासूबाईंनी एवढंच विचारलं, ‘म्हणजे वाढलं का गं?’ शून्य पॉइंट दोनचा फरक मोजण्यातलाही असू शकतो, हे त्यांना समजावताना मलाही पटत गेलं.

मुलगी झाली. टाळू भरायच्या आत तिथूनच सोनोग्राफी करतात. आईने सकाळीच टाळूवर तेल थापलं होतं. डॉक्टरांनी कापूस मागवून ते पुसलं, जेल लावलं आणि म्हणाल्या, ‘नऊ.’

पुढची तपासणी सहाव्या महिन्यात आहे.