फोटोत सगळं दिसतं, मग रिव्ह्यूला एवढा वेळ का? (तुम्ही विचारलंत म्हणून)

मॉडेल रेल्वेवाल्या मंडळींकडून मला एक प्रश्न सारखा येतो. नवीन इंजिन, डबा किंवा बिल्डिंगचं किट आलं की कंपनी स्वतःच मोठमोठे फोटो टाकते, रंग दिसतो, रिव्हेट दिसतात, दारावरची बारीक अक्षरंसुद्धा वाचता येतात, मग तुम्ही रिव्ह्यू लिहायला एवढा वेळ का लावता, बॉक्स उघडल्या उघडल्या मत का देत नाही? तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फोटोतलं मॉडेल उभं असतं. लेआउटवर त्याला चालायचं असतं, मागून ढकलून घ्यायचं असतं, दुसऱ्याच कंपनीच्या डब्याला जोडून घ्यायचं असतं, आणि बिल्डिंग असेल तर रुळाशेजारी नीट बसायचं असतं. घेणारा माणूस फसतो तो इथेच, रंगात सहसा कोणी फसत नाही. म्हणून मी रंग आणि छपाई बघते, पण त्यावर दोन-चार ओळींपेक्षा जास्त लिहीत नाही, कारण ते तुम्हाला माझ्याशिवायही दिसतं.

वॅगन हातात आली की मी आधी ती उलटी करते. चाकं बघायची. एका अ‍ॅक्सलवरच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर, ज्याला बॅक टू बॅक म्हणतात, ते एचओमध्ये, म्हणजे खऱ्याच्या 87 पट लहान मापात, साधारण 14.4 मिमी हवं. हे अंतर कमी असेल तर चाक पॉइंटमधल्या (जिथे ट्रॅक दोन मार्गांत फुटतो तिथल्या) चेक रेलवर, म्हणजे चाकाला मार्गावर धरून ठेवणाऱ्या आतल्या रुळावर, चढतं, जास्त असेल तर फ्लँज (चाकाची बाहेर आलेली कड) क्रॉसिंगच्या नाकावर, म्हणजे दोन रूळ मिळतात त्या टोकावर, आपटते, आणि दोन्ही वेळा वॅगन रुळावरून उतरते आणि माणूस मात्र ट्रॅकलाच दोष देत बसतो. एनएमआरए या अमेरिकन मॉडेल रेल्वे संघटनेचा तो छोटा पत्र्याचा गेज मिळतो त्याने हे अर्ध्या मिनिटात कळतं. बरं, एकाच वॅगनच्या दोन अ‍ॅक्सलवर वेगवेगळं अंतर निघणं यात काही विशेष नाही, त्यामुळे एक अ‍ॅक्सल तपासून थांबू नका.

मग वजन. एनएमआरएची शिफारस एचओसाठी अशी आहे की मुळात एक औंस आणि वर लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस, म्हणजे 6 इंची वॅगन साधारण 4 औंस, 113 ग्रॅमच्या आसपास हवी. बऱ्याच वॅगन यापेक्षा हलक्या येतात. एकटी वॅगन हलकी असली तर काही बिघडत नाही, पण तीच लांब रेकच्या (जोडलेल्या डब्यांच्या रांगेच्या) मध्ये लावली, पुढे-मागे जड डबे असले आणि वळणावर इंजिनाने ओढ घेतली की ती आतल्या बाजूला कलंडते. म्हणून मी फक्त आकडा देत नाही, आत वजन घालायला जागा आहे का, छत किंवा फरशी न तोडता निघते का, हेही लिहिते. उघड्या वॅगनमध्ये वजन लपवायला जागाच नसते, तिथे कंपनीने खालची चासी धातूची दिली असेल तर मी मनापासून कौतुक करते.

खरी परीक्षा मात्र ढकलण्याची. ओढताना जवळपास सगळंच चालतं हो! नवीन वॅगन जुन्या, वेगळ्या मेकच्या वॅगनींच्या मधोमध घालायची आणि अख्खी रेक मागे ढकलत एका मागोमाग दोन पॉइंटमधून न्यायची, जिथे आधी उजवीकडे आणि लगेच डावीकडे वळण येतं. कपलर (डबे जोडणारा आकडा) एखादा मिमी खाली लोंबत असेल, बोगी (डब्याखालचा चाकांचा गाडा) एका बाजूला अडकत असेल, बफर एकमेकांत गुंतत असतील तर ते इथे हमखास बाहेर येतं. कपलर एनईएम 362 या युरोपियन मानकाच्या खाचेत बसवलेला असेल तर बदलता येतो आणि प्रश्न बराचसा मिटतो, पण ती खाचच चुकीच्या उंचीवर असेल तर कुठलाही कपलर लावा, रडगाणं तेच. आणि खाच आहे पण उंची चुकली आहे अशी मॉडेलं निघतात, बॉक्सवर मात्र नुसतं 'एनईएम पॉकेट' छापलेलं असतं.

लांब पॅसेंजर डब्यांचं प्रकरण वेगळं आहे. खरा 26.4 मीटरचा डबा एचओच्या 1:87 मापात 303 मिमी होतो, आणि 360 मिमी त्रिज्येच्या वळणावर एवढा लांब डबा घातला तर मधला भाग आत आणि टोकं बाहेर अशी काही लटकतात की शेजारच्या ट्रॅकवरच्या गाडीला घासतील. म्हणून कंपन्यांनी लांबीपुरतं माप बदलून 1:93.5 ने 282 मिमी आणि 1:100 ने 264 मिमीचे डबेही काढले. शुद्धतावादी लोक यावर चिडतात, मला ते पटत नाही. छोट्या जागेत, घट्ट वळणांवर 282 मिमीचा डबा जास्त बरा दिसतो असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त दोन वेगळ्या लांबीचे डबे एकाच रेकमध्ये मिसळू नका, ते खिडक्यांच्या रांगेवरून लगेच डोळ्यात येतं. म्हणून रिव्ह्यूमध्ये मी लांबी स्वतः मोजून लिहिते.

इंजिनाबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्याच्यावर लिहिणारे खूप आहेत. मी बघते ते हळू चालणं. एचओमध्ये ताशी 10 किमी म्हणजे सेकंदाला साधारण 3 सेंटीमीटर. या वेगाला इंजिन न थबकता, न गचके देता पॉइंट ओलांडतं का, विशेषतः ज्या पॉइंटचं क्रॉसिंग प्लास्टिकचं आहे आणि तिथे करंट मिळत नाही? छोट्या शंटरची (यार्डात डबे हलवणाऱ्या इंजिनाची) कसोटी तिथेच लागते. करंट सगळ्या चाकांतून घेतला जातोय की नाही, डिकोडरसाठी, म्हणजे डिजिटल कंट्रोलच्या चिपसाठी, सॉकेट कुठलं आहे, आठ पिनी की नेक्स्ट18 की प्लक्स22, आणि स्पीकरला जागा ठेवली आहे का, एवढं लिहिलं की माझं काम झालं. टॉप स्पीड कोणी विचारला तर मी उत्तर देते, पण त्यावरून मॉडेल निवडू नये असं मला वाटतं.

आता बिल्डिंग. इथे मला सगळ्यात जास्त लिहावंसं वाटतं कारण बिल्डिंगकडे लोक नुसता देखावा म्हणून बघतात आणि रिव्ह्यूसुद्धा 'छान जुळतं, रंग मस्त' एवढ्यावर आटपतात. मी किट जोडण्याआधी भिंतीवर पट्टी ठेवते. वीट आणि सांधा मिळून एक थर साधारण 75 मिमी धरला तर 1:87 मध्ये दहा थर 8.6 मिमी व्हायला हवेत. सांधा खरा 10 मिमीचा, म्हणजे मॉडेलवर 0.1 मिमीच्या थोडा वर, आणि प्लास्टिकवर कोरलेली रेघ बऱ्याचदा 0.3 मिमीची असते, म्हणजे खऱ्या मापात 26 मिमीचा सांधा झाला की! लांबून भिंत का खोटी वाटते ते इथे कळतं. फिक्या रंगाने सांधे भरले तर ते अजूनच उठून दिसतं, त्यामुळे अशा किटला विटेच्या रंगाच्या जवळचाच रंग सांध्यात भरा असं मी सुचवते.

मग दार मोजायचं. दोन मीटरचं दार एचओमध्ये 23 मिमी, ओओ या ब्रिटिश मापाच्या 1:76 मध्ये 26 मिमी. बॉक्सवर एचओ आणि ओओ दोन्ही लिहिलेलं असतं तेव्हा हे दार नक्की कुणासाठी आहे ते कळायला हवं. एचओची बिल्डिंग ओओ लेआउटवर अगदी मागे, टेकडीच्या कडेला लावली तर उलट फायदाच होतो, अंतर जास्त असल्याचा भास होतो, पण प्लॅटफॉर्मला लागून लावली तर माणसाचा पुतळा दारात उभा केल्याबरोबर सगळं उघडं पडतं.

आणि मालाचा धक्का, म्हणजे गोदामासमोरचा लोडिंग प्लॅटफॉर्म. खऱ्या वॅगनची फरशी रुळाच्या माथ्यापासून 1.1 ते 1.2 मीटर उंच असते, एचओमध्ये 13-14 मिमी. किटमधला धक्का मोजला की नेमका तेवढाच भरतो आणि आपण खूश होतो. पण किट बसतं बोर्डवर, आणि ट्रॅक असतो कॉर्कच्या थरावर, त्यावर स्लीपर, त्यावर कोड 100 चा रूळ, जो एकटाच 2.54 मिमी उंच. म्हणजे वॅगन आणून उभी केली की धक्का तिच्या फरशीच्या चांगलाच खाली राहतो, आणि पोतं उचलणारा माणूस ते वर कसं चढवणार असा प्रश्न पडतो. म्हणून मी प्रत्येक गोदामाच्या रिव्ह्यूमध्ये समोर वॅगन उभी करून बघते आणि बिल्डिंगखाली किती मिमीची पट्टी घालावी लागली ते लिहिते. ही एक ओळ वाचून कोणाचं काम सोपं झालं तर मला फार बरं वाटतं.

आकारमानाचं पण बघावं लागतं. 'फॅक्टरी' म्हणून विकलं जाणारं किट 20 सेंटीमीटरचं असेल तर ती खऱ्या मापात 17 मीटरची झाली, म्हणजे समोरून जाणाऱ्या पॅसेंजर डब्यापेक्षा आखूड. जागेपायी आकार आवळावा लागतो हे मान्य, पण मग दोन किटं जोडून लांब करता येतात का, मागची भिंत कापून नुसता दर्शनी भाग पार्श्वभूमीला चिकटवता येतो का, हे मी करून बघते. आतून काळा रंग न देता दिवा लावला तर भिंती कंदिलासारख्या उजळतात, तेव्हा पातळ प्लास्टिकच्या किटबद्दल ते आवर्जून सांगते. लेझर कट लाकडाच्या किटमध्ये हा त्रास जवळपास नाही, तिथे कोपऱ्यांवर जळकी तपकिरी कड दिसते, ती घासून रंगवावी लागते.

एवढं सगळं करूनही एक गोष्ट कुठलाच नवा रिव्ह्यू सांगू शकत नाही. जस्ताच्या मिश्रधातूत शिशासारखी अशुद्धी राहिली तर चासी काही वर्षांनी फुगते, तडकते, भुगा होते, आणि नवीन असताना ती अगदी चकचकीत असते. अ‍ॅक्सलवर दाबून बसवलेले प्लास्टिकचे गिअरसुद्धा असेच उशिरा चिरतात. म्हणून तुम्ही विचारता ना, की इतक्या जुन्या इंजिनावर परत का लिहिलंत, तर त्याचं कारण हे. जुनं मॉडेल कपाटातून काढून चासीची लांबी परत मोजली, पहिल्या रिव्ह्यूतल्या आकड्याशी ताडून बघितली आणि ती वाढलेली निघाली, तर ज्यांच्याकडे तेच मॉडेल आहे त्यांना वेळेत कळायला हवं. बॉडी फुटायच्या आत ती चासीवरून काढून बाजूला ठेवली तर निदान बॉडी तरी वाचते.