हेटॉरचे दगडी रूळ

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात, डार्टमूरच्या माळरानावर, हेटॉर हा ४५७ मीटर उंचीचा कातळमाथा आहे. बहुतेक जण गाडी लावतात, माथा चढतात, फोटो काढतात आणि परततात. पाहण्यासारखी खरी गोष्ट मात्र उत्तरेच्या उतारावर गवतात पडली आहे: १८२० साली घातलेले, खाणींतला दगड घोड्यांच्या गाड्यांतून वाहणाऱ्या ट्रामवेचे रूळ, तेही अख्ख्या ग्रॅनाइटचे. वेळ कमी असेल तर माथा सोडा, रूळ सोडू नका.

सुरुवात खालच्या वाहनतळापासून करावी. तिथून पायवाट थेट हेटॉर खाणीत जाते. आत तळं आहे, त्यात गंजलेल्या यारीचे अवशेष उभे आहेत. खाणीच्या उत्तरेकडून बाहेर पडलं की दगडी मलब्याच्या ढिगाऱ्यांजवळ रुळांचा फाटा सापडतो. तो उतरत मुख्य मार्गाला मिळतो.

या सांध्यावर घाई करू नका. खाली बसून एक दगड नीट पाहा. चार ते आठ फूट लांबीच्या चिऱ्याला पायरीसारखी खाच आहे. गाड्यांच्या चाकांना कडा नव्हती; चाक खाचेतून चाले आणि दगडाची उंच राहिलेली बाजू त्याला धरून ठेवी. दोन रुळांतलं अंतर ४ फूट ३ इंच. मार्ग फुटतो तिथल्या दगडांत भोकं दिसतील. त्यांत सांधा बदलायची फिरती जीभ बसवलेली असे. चिऱ्यांच्या काठावर अर्धगोल खाचांची रांगही शोधा: भोकं पाडून, त्यांत पाचरी ठोकून दगड फोडल्याची ती खूण. दगडच का? तो जागेवरच मुबलक होता, आणि लोखंड इतक्या उंचावर वाहून आणावं लागलं असतं.

मार्ग खाणींचा मालक जॉर्ज टेम्पलरने बांधला. लांबी सुमारे १६ किमी, उतार सुमारे ४०० मीटर. भरलेल्या गाड्या उताराच्या जोरावर खाली जात, रिकाम्या घोडे वर ओढत. खाली त्याच्या वडिलांनी खोदलेला स्टोव्हर कालवा होता, पुढे समुद्रमार्गे लंडन. १८३१ च्या लंडन ब्रिजला हा दगड लागला. तो पूल आता अमेरिकेत अ‍ॅरिझोनात आहे. १८५८ च्या सुमारास ट्रामवे बंद पडला.

सांध्यावरून पश्चिमेला होलवेल खाणीपर्यंत जाऊन यावं. तिथे दगडफोड्यांचा, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गोल आडोसा शाबूत आहे. जाऊन-येऊन, थांबत पाहत, तीन तास धरा. पूर्वेला रूळ यार्नर जंगलाकडे उतरतात. हेटॉरपासून कालव्यामार्गे टिनमथच्या किनाऱ्यापर्यंत २९ किमीची ‘टेम्पलर वे’ ही पायवाट आहे. ती दोन दिवसांत विभागावी.

चूक होते ती रूळ गवताखाली गडप होतात तिथे. मेंढ्यांच्या वाटा जास्त ठळक दिसतात आणि माणूस त्यांच्यामागे भलतीकडे चढतो. ट्रामवे एकदम चढत किंवा उतरत नाही. सपाट, वळणाची रेघ धरून पुढे चाला, रूळ पुन्हा वर येतात. धुकं मिनिटांत उतरतं, म्हणून ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश नकाशासंस्थेचा ओएल २८ क्रमांकाचा छापील नकाशा आणि होकायंत्र हवंच. ओला ग्रॅनाइट निसरडा होतो; पावसात रुळांवरून नको, बाजूने चाला. उन्हाळ्यात नेच्याच्या झुडपांतून गोचीड चिकटतात, तेव्हा लांब पँट घाला आणि परतल्यावर पाय तपासा. माळावरच्या घोड्यांना खायला घालू नका. हा मार्ग संरक्षित वास्तू आहे, सैल झालेला चिराही होता तिथेच राहू द्या.

प्रकाश तिरपा असताना, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, खाचांमध्ये सावली भरते आणि अख्खी रेघ माळावर उठून दिसते.