पफ फोम: एका ओळीसाठी तीन आठवडे

घरात उन्हाची उष्णता उतरू नये म्हणून आमच्या ६०० चौरस फुटांच्या स्लॅबवर पफचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा, फोम मारायला मशिनला एक सकाळ पुरली. कोटेशनमध्ये एक ओळ लिहून घ्यायला मात्र तीन आठवडे गेले. ती ओळ अशी: ‘तयार फोमची घनता घनमीटरला किमान ४० किलो.’ डोक्यातून अजून ते गेलेलं नाही, म्हणून आधी तेच सांगतो.

‘५० एमएम पफ, चौरस फुटाचा दर इतका’ एवढंच पहिल्या ठेकेदाराच्या कागदावर होतं. घनता विचारली तर उत्तर आलं, “अहो, ५० एमएम मिळतंय की, अजून काय पाहिजे?” दुसऱ्याने ‘३२ ते ४२’ लिहिलं. याचा अर्थ ३२च. तिसऱ्याने ‘कंपनीच्या मानकाप्रमाणे’ लिहून विषय संपवला. प्रत्येक वेळी नवा कागद यायला चार-पाच दिवस, आणि इकडे मे महिना सरत चाललेला.

एवढा हट्ट का, ते हिशोबाने बघा. ६०० चौरस फूट म्हणजे सुमारे ५६ चौरस मीटर. पाच सेंटिमीटर जाडीने २.८ घनमीटर फोम होतो. ४२ घनतेने छतावर ११८ किलो माल बसतो, ३० घनतेने ८४ किलो. जाडी दोन्हीकडे तीच, रंग तोच, आणि ३४ किलो रसायन वाचलं ते ठेकेदाराचं. हलका फोम दाबाला कच्चा असतो. त्यावर कोबा आला, माणसं वावरली, की तो बसतो आणि वरच्या कोब्याला तडे जातात. मग पाणी आत शिरतं आणि नेमकं कुठून शिरलं ते सापडत नाही.

शेवटी ज्याने ४० लिहून दिलं, त्याच्याकडून आणखी एक अट घेतली: आम्ही दाखवू तिथले तीन नमुने कापायचे, वजन करायचं, मगच शेवटचा हप्ता. नमुना दुसऱ्या दिवशी कापावा. वरची कडक साय काढून १० बाय १० बाय ५ सेंटिमीटरचा ठोकळा करायचा. हा बरोबर अर्धा लिटर होतो, म्हणून ४० घनतेला त्याचं वजन २० ग्रॅम भरलं पाहिजे. साधा भाजीचा काटा चालत नाही, ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या. ठोकळा पाच सेंटिमीटरचा निघाला नाही तर मोजून आकारमान काढा. कापलेल्या बाजूकडेही बघा: दाणे बारीक आणि सारखे हवेत. मधोमध तपकिरी पट्टा दिसला तर एकाच हातात जाड थर मारलाय, आतली उष्णता बाहेर पडलेली नाही, पुढे फोम आक्रसून सुटू शकतो. ५० मिमी दोन-तीन हातांतच व्हायला हवा. जाडी बघायला दाभणावर ५० मिमीची खूण करून दहा ठिकाणी टोचायचं.

फोम वरून की खालून, हा प्रश्न सगळेच विचारतात. स्लॅबला वरून. तापलेला स्लॅब सोलापुरात मध्यरात्रीपर्यंत उष्णता खाली सोडतो आणि पंखा तीच हवा फिरवतो, म्हणून ऊन स्लॅबपर्यंत पोचूच द्यायचं नाही. पत्र्याच्या खोलीला खालून चालतं, पण गंज घासून रेड ऑक्साइड मारल्यावरच. तिथे आग सहज पसरू न देणाऱ्या (फायर रिटार्डंट) ग्रेडचाच फोम घ्या आणि त्याखाली जिप्सम किंवा सिमेंट बोर्ड लावा, स्वयंपाकघर असेल तर नक्कीच. उघडा फोम पेटला तर धूर विषारी असतो. गच्चीवर बंद पेशींचाच (आतले बारीक बुडबुडे बंद असलेला) फोम हवा, उघड्या पेशींचा पाणी शोषतो.

ओलाव्याकडे दुर्लक्ष करू नका. फोम ज्या दोन रसायनांपासून होतो त्यातलं एक, आयसोसायनेट, पाण्याशी मिळून कार्बन डायऑक्साइड सोडतं, म्हणून ओल्या स्लॅबवर फुगे येतात. आधी तडे भरा, गच्चीत पाणी साठवून गळती तपासा, मग वाळू द्या. दीड फुटी प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी खाली दव दिसलं तर थांबा. वळीव पडला की पुन्हा हीच चाचणी.

काम सकाळीच घ्या. दुपारी वारा सुटतो, फवारा शेजाऱ्याच्या गाडीवर बसतो आणि निघत नाही. पाण्याच्या टाक्या झाका. दम्याचं माणूस दिवसभर दुसरीकडे पाठवा. फोमची दोन रसायनं मशिनमध्ये समप्रमाणात मिसळतात, तेव्हा पहिला फवारा पुठ्ठ्यावर मारायला सांगा. चिकट राहिला किंवा चुरा झाला तर प्रमाण बिघडलंय.

फोम उन्हात उघडा ठेवू नका, पिवळा पडून त्याची भुकटी होते. लगेच जिओटेक्स्टाइल (बांधकामात वापरतात ते कृत्रिम धाग्यांचं कापड) आणि त्यावर जाळी घालून ४० मिमीचा कोबा, मीटरला एक सेंटिमीटर उताराने. सोलर हीटरचे आणि टाकीचे ठोकळे मात्र आधी थेट स्लॅबवर बांधून घ्या, फोम त्यांच्याभोवती मारू द्या. नंतर भोक पाडलं की गळती तिथूनच सुरू होते. आणि नमुने कापलेले तीन खड्डे मशीन परत जाण्याआधी बुजवून घ्या.