नोंद ७ : स्क्रिप्ट एल अखेर ओळीत बसला

माझ्या गणिताच्या टिपणांत साध्या अक्षरांच्या जागी स्क्रिप्ट (हस्ताक्षरी वळणाची) आणि तशीच इतर गणिती अक्षरे घालणारी आज्ञावली पूर्ण झाल्याचे मागच्या नोंदीत कळवले होते. ती लाप्लास रूपांतराच्या टिपणांवर चालवताच, जिथे स्क्रिप्ट एल हवा तिथे रिकामी चौकट उमटली. फूरिए रूपांतराच्या पानावर एफचीही तीच गत झाली. ए, सी, डी, जी मात्र निर्दोष उमटत होते.

दोष फॉन्टचा असावा असे समजून तीन संध्याकाळी मी फॉन्ट बदलण्यात घालवल्या. प्रत्येक वेळी चौकटी त्याच अक्षरांच्या जागी येतात हे ध्यानात आल्यावर युनिकोडचा (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक प्रमाणकाचा) तक्ता उघडला आणि चूक माझ्या बेरजेत सापडली. स्क्रिप्ट ए चा संकेतांक दशमान पद्धतीत ११९९६४ आहे, म्हणून त्यात ११ मिळवले की एल येईल, असे मी गृहीत धरले होते. परंतु ११९९७५ ही जागा मुद्दाम रिकामी ठेवलेली आहे. गणिती अक्षरांचा हा गट २००१ मध्ये युनिकोड ३.१ बरोबर आला, तेव्हा स्क्रिप्ट एल अक्षरसदृश चिन्हांच्या जुन्या गटात ८४६६ या क्रमांकावर आधीपासूनच होता आणि तेच अक्षर पुन्हा नोंदवले गेले नाही. स्क्रिप्टमध्ये अशी ११ अक्षरे आहेत : मोठ्या लिपीतील बी, ई, एफ, एच, आय, एल, एम, आर आणि छोट्या लिपीतील ई, जी, ओ. फ्राक्टूरमध्ये (जुन्या जर्मन छपाईच्या वळणात) पाच, दुहेरी रेघांच्या अक्षरांत सात, आणि तिरप्या वळणात एकटा छोटा एच, कारण तो प्लांकचा स्थिरांक म्हणून आधीच नोंदलेला होता. या २४ अपवादांची सारणी आज्ञावलीत घातली आणि सव्वीसही अक्षरे एका ओळीत उमटली, तेव्हा मी ती ओळ बराच वेळ पाहत राहिलो.

मग नवीच अडचण दिसली. एल, एफ, एच यांचे वळण शेजारच्या जी आणि के यांच्याशी जुळत नव्हते. जुन्या गटातील चिन्हे मजकुराच्या फॉन्टमध्येही असल्यामुळे ब्राउझर ती तिथूनच उचलत होता आणि उरलेली गणिती फॉन्टमधून. सूत्रांपुरता गणिती फॉन्ट यादीत पहिला ठेवल्यावर सारी अक्षरे एका हातची दिसू लागली. यासाठी मला एक्सआयटीएस मॅथ हा फॉन्ट सर्वांत भावला, कारण लफ्फेदार आणि साधे अशी स्क्रिप्टची दोन्ही वळणे त्यात मिळतात.

टिपणांतील शोधासाठी एनएफकेसी सामान्यीकरण (अक्षरांची वेगवेगळी रूपे एका साध्या रूपात आणणारी युनिकोडची पद्धत) वापरण्याचा बेत मात्र मी सोडला आहे. त्यात स्क्रिप्ट एच साधा एच होतो. हॅमिल्टोनियन (भौतिकीतील ऊर्जेशी निगडित राशी) स्क्रिप्ट एच ने आणि चुंबकीय क्षेत्र साध्या एच ने लिहिलेले असेल, तर एकाच सूत्रात दोन राशींना एकच अक्षर उरते आणि सूत्र खोटे ठरते. या अक्षरांना स्वतंत्र संकेतांक मिळाले ते असा अर्थभेद टिकावा म्हणून. त्यामुळेच नावे सजवण्यासाठी ती वापरणे मला पटत नाही. अशा नावातले प्रत्येक अक्षर स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली) चिन्ह म्हणून वेगळे उच्चारू शकतो किंवा अजिबात वगळू शकतो, आणि ऐकणाऱ्याला नाव कळत नाही.

हे लिहिता लिहिताच सुचले की मूळ फाइलमध्ये ही अक्षरे साठवूच नयेत. तिथे लाटेकची (गणिती मजकूर जुळवण्याच्या प्रणालीची) आज्ञाच राहू द्यावी, अक्षर छपाईच्या वेळी घडवावे आणि शोधाची सूची आज्ञेवरून बांधावी. म्हणजे सहाव्या नोंदीतली साठवणीची रचना मोडावी लागेल, पण २४ अपवादांची सारणी जशीच्या तशी उपयोगी पडेल. स्क्रिप्टच्या मोठ्या अक्षरांना वळण निवडणारी चिन्हे जोडून दोहोंपैकी एक वळण ठरवण्याची सोय २०२१ च्या युनिकोड १४ मध्ये आली आहे. या रचनेत ती चिन्हेही छपाईच्या टप्प्यावरच जोडता येतील. पहिली चाचणी फ्राक्टूर जी वर घेणार आहे, कारण ली बीजगणिताची टिपणे त्याच्यावाचून अडली आहेत.